माग शिवेपर्यंत न्यायला हवा

गेल्या महिन्यात एका पतसंस्थेने मला बैठकीला बोलावलं. संस्थेच्या सर्व्हरवर रात्रंदिवस कुणीतरी पासवर्ड लावून बघतंय हे लक्षात आल्यामुळे संचालक मंडळी घाबरली होती. तासभर चर्चा झाली. काहींचं म्हणणं होतं, परदेशातून येणारं सगळंच बंद करा, चीन आणि रशिया तर आधी. बाकीच्यांचं म्हणणं, जो पत्ता त्रास देतोय तो अडवा आणि विसरून जा, तक्रारी करून आजवर कुणाच्या हाती काय लागलंय? हा वाद गेली कित्येक वर्षं मी याच दोन टोकांवर अडकलेला ऐकतो आहे, आणि दर वेळी मला वाटतं की दोन्ही बाजूंना मुद्दा सापडलेलाच नाही. हल्ला ज्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेट-जोडणीच्या क्रमांकांवरून होतो, त्यांची नोंद ठेवली पाहिजे, आणि ज्या कंपनीच्या जाळ्यातून हल्ला निघाला तिच्यापर्यंत ती पुराव्यासकट पोचवली पाहिजे. सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाचं ते कर्तव्य आहे असं मी मानतो. मात्र हे काम माग काढण्याचं आहे, शिक्का मारण्याचं नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच वाद पुढे सरकत नाही.

ज्यांनी सर्व्हरचा लॉग, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही, कधी उघडून पाहिलेला नाही त्यांना या प्रकाराचा अंदाज येत नाही. ‘आमची संस्था एवढीशी, आमच्याकडे कोण कशाला येईल?’ हा प्रश्न त्या बैठकीतही आला. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन तयार केलं आणि एकाच सर्व्हरवरून, एक गिगाबिटच्या जोडणीवर, हा सगळा पल्ला पाऊण तासाच्या आत तपासता येतो हे दाखवून दिलं. म्हणजे दाराशी येणाऱ्याला तुमचं नाव, गाव, ठेवींचा आकडा यातलं काहीही माहीत असावं लागत नाही. तो रस्त्यातली प्रत्येक कडी वाजवत चाललेला असतो. त्या पतसंस्थेच्या लॉगमधली एक रात्र मी भिंतीवर लावून दाखवली. २ वाजून ११ मिनिटं ४ सेकंद: रूट, पासवर्ड चुकला. ७ सेकंद: ॲडमिन, असा वापरकर्ताच नाही. मग टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस, उबुंटू, परत रूट. प्रत्येक ओळीत तोच एक आयपी पत्ता आणि त्याच्यापुढे दर वेळी वेगळा पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या एका जोडणीचा आकडा. पहाटे पाचपर्यंत अशा चार हजारांवर ओळी होत्या. संस्थेचे व्यवस्थापक खुर्ची पुढे ओढून एकेक ओळ वाचत होते. आपली कडी इतक्या वेळा वाजते हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

अडवणं तर हवंच. फेल-टू-बॅनसारखं साधन बसवलं की दहा मिनिटांत पाच चुका करणारा पत्ता आपोआप काही काळ बाहेर राहतो. पासवर्ड बंद करून डिजिटल किल्लीने प्रवेश ठेवला तर हे सगळं ठोठावणं फुकट जातं. एका दुपारचं काम आहे, आणि ते आधी करावं. पण अडवून विसरल्यावर पुढे काय होतं? तेच यंत्र शेजारच्या दाराशी जातं. तिथे एखाद्या शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा सर्व्हर असेल आणि त्याचा पासवर्ड कच्चा असेल, तर दुसऱ्या दिवशी तोही ठोठावणाऱ्यांत सामील होतो. आपलं दार लावून घेतलं एवढ्याने गावातली चोरी थांबत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याच्या कामाची रीत नोंदवलेली आहे. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की तो तिथल्या जागल्याला दाखवून द्यायचा. इथे याची जबाबदारी संपली, त्याची सुरू झाली. त्याने तो पुढे काढायचा. ज्या गावात माग थांबला त्या गावाने चोरीच्या मालाला जबाबदार राहायचं. पहिल्या जागल्याला चोराचं नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती, आणि परक्या गावात शिरून घरोघर झडती घेणं हेही त्याचं काम नव्हतं. त्याच्याजवळ पाऊलखुणा होत्या, आणि त्या पुसल्या जायच्या आत योग्य माणसाला दाखवायच्या एवढंच त्याने करायचं. आयपी पत्ता ही अशीच पाऊलखूण आहे. तिच्यावरून चोराचा चेहरा कळत नाही, पण ती कुठल्या शिवेत शिरली ते कळतं. प्रत्येक पत्ता कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या नावावर असतो, आणि तक्रार कुठे पाठवायची तेही नोंदणी संस्थांकडे लिहिलेलं असतं. आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक, भारतासाठी तिच्या छत्राखालची आयआरआयएनएन. शीव आखलेली आहे. माग तिथवर न्यायची सवय मात्र आपण सोडून दिली आहे.

याविरुद्धचा सगळ्यात जड आक्षेप आधी मांडतो, कारण तो खरा आहे आणि त्याची किंमत एका निरपराध माणसाने मोजलेली आहे. २००७ साली ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी आयपी पत्ता मिळवला, तो कुणाचा हे दूरसंचार कंपनीला विचारलं, आणि आलेल्या उत्तराच्या आधारावर बंगळूरहून एका तरुण संगणक अभियंत्याला अटक करून आणलं. सुमारे पन्नास दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. नंतर निष्पन्न झालं की तो पत्ता त्याचा नव्हताच, कंपनीने भलत्याच ग्राहकाची माहिती दिली होती. जे लोक आयपीवरून तक्रार करायला विरोध करतात त्यांच्या मनात हा किंवा असाच एखादा प्रसंग असतो, आणि त्यांची भीती उगाच नाही. उलट तेव्हापेक्षा आज चूक होण्याची शक्यता वाढली आहे. जुन्या आवृत्तीचे पत्ते संपत आल्यामुळे मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. त्यातल्या एकाचा फोन बिघडलेला असेल तर बोट सगळ्यांकडे जातं.

आणखी एक गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने मीच सांगतो. काही हल्ल्यांत पत्ता चक्क खोटा असतो. आधी जोडणी न करताच पाठवल्या जाणाऱ्या यूडीपी प्रकारच्या माहितीच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही हवा तो लिहू शकतो. मार्च २०१३ मध्ये स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेवर झालेला मोठा हल्ला याच युक्तीवर उभा होता. पाकिटांवर पाठवणारा म्हणून बळीचाच पत्ता घालून संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या, जगभरच्या उघड्या डीएनएस सर्व्हरना प्रश्न विचारायचे, म्हणजे उत्तरांचा लोंढा बळीवर कोसळतो. अशा वेळी ज्या पत्त्यांवरून मारा होताना दिसतो ते स्वतः वापरले गेलेले असतात, आणि ज्याच्या नावाने प्रश्न विचारले गेले तो तर पूर्ण निर्दोष असतो. त्याच्याविरुद्ध तक्रार ठोकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

हे सगळं मान्य. पण यातून ‘म्हणून तक्रार करूच नका’ हा निष्कर्ष कसा निघतो? २००७ साली चूक पाऊलखूण नोंदवणाऱ्याची नव्हती. पाऊलखुणेवरून थेट माणसाच्या दंडाला धरलं गेलं आणि मधल्या उत्तराची पडताळणी कुणी केली नाही, ही ती चूक. खोट्या पत्त्याचा धोका यूडीपीत आहे, पण एसएसएचवर, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या दारावर, पासवर्ड लावून बघणाऱ्याला तो खेळ जमत नाही, कारण आधी दोन्ही बाजूंमध्ये तीन संदेशांची देवाणघेवाण झाल्याशिवाय जोडणीच होत नाही. खोटा पत्ता दिला तर आपलं उत्तर त्याच्यापर्यंत जाणारच नाही. म्हणून कुठल्या प्रकारच्या हल्ल्याची तक्रार करायची आणि कुठल्याची नाही, हे तारतम्य बाळगता येतं. एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक असले तरी कंपनीला नेमका ग्राहक शोधता येतो, पण त्यासाठी तक्रारीत हल्लेखोराच्या बाजूचा पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने २०११ सालीच सर्व्हर चालवणाऱ्यांना हा पोर्ट नोंदवून ठेवण्याची शिफारस केली आहे. आणि वेळ कुठली? भारतीय की जागतिक? साडेपाच तासांचा फरक लिहायचा राहिला, तर तेवढ्यात तो पत्ता दुसऱ्याच घरी गेलेला असू शकतो. मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारींत फक्त आयपी आणि ‘हल्ला होतोय, कारवाई करा’ एवढंच असतं. अशी तक्रार कुणी गंभीरपणे घेत नाही यात नवल काय?

शिक्का मारण्याबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. दोन वर्षांपूर्वी एका शाळेने पालकांना पाठवलेले निकालाचे ईमेल धडाधड परत आले. शाळेच्या सर्व्हरने काही केलेलं नव्हतं. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या त्याच होस्टिंग कंपनीच्या शेजारच्या पत्त्यावरून कुणीतरी स्पॅम पाठवला होता, आणि बंदीच्या एका यादीने त्या ओळीतले २५६ पत्ते सरसकट काळे करून टाकले होते. कारण कुठे लिहिलेलं नव्हतं, मुदत नव्हती, दाद मागायला जागा नव्हती. त्या रात्री शाळेच्या कारकून बाई आणि मी एकेका पालकाला फोन करत बसलो होतो.

माग काढणाऱ्यांत रामोशीही होते, आणि पुढे त्यांच्याच वाट्याला काय आलं हे महाराष्ट्राने विसरू नये. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि रामोशी, कैकाडी, पारधी अशा कितीतरी समाजांवर जन्मावरून गुन्हेगारीचा शिक्का बसला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत आणि रोजची हजेरी. १९५२ साली कायदा रद्द झाला, तरी शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. माणसांच्या त्या यातनांची बरोबरी मी संगणकाच्या पत्त्यांशी करत नाही. पण विचाराची घडण तीच आहे. माग एका कृतीचा असतो, ताजा असतो आणि कुठेतरी जाऊन संपतो. शिक्का पत्त्यावर, शेजाऱ्यांवर, आख्ख्या देशावर बसतो आणि संपत नाही. म्हणून ज्या यादीत नोंदीचं कारण, तारीख, मुदत आणि बाहेर पडायची वाट नाही, ती यादी आपल्या सर्व्हरवर लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

‘परदेश बंद करा’ हा उपाय म्हणजे याच शिक्क्याचं मोठं रूप. जर्मनीत बसलेला हल्लेखोर मुंबईच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर तासावर भाड्याने घेऊ शकतो, आणि घेतो. मग तो भारतीय झाला का? शिवाय त्या पतसंस्थेच्या ठेवीदारांत रत्नागिरीकडचे खलाशी आहेत, आखातात नोकरी करणारे आहेत. शांघायच्या बंदरात जहाज लागलेलं असताना घरच्या हप्त्याची खात्री करू पाहणाऱ्या माणसाला आपण दाराबाहेर ठेवणार, आणि मुंबईतल्या भाड्याच्या यंत्राला आत घेणार. संस्थेची सेवा फक्त तालुक्यापुरती असेल तर देशावर गाळणी लावायला माझी हरकत नाही. पण त्याला सुरक्षा म्हणू नये.

आता ‘तक्रारीने काही होत नाही’ या मुद्द्याकडे वळतो. हे वाक्य मी इतक्या अनुभवी माणसांकडून ऐकलं आहे की त्याला सहज झटकून टाकता येणार नाही. माझ्याही बहुतेक तक्रारींना उत्तर येत नाही. पण नोव्हेंबर २००८ मध्ये काय झालं ते आठवा. अमेरिकेत सॅन होजेला मॅककोलो नावाची एक होस्टिंग कंपनी होती. स्पॅम पाठवणाऱ्या मोठमोठ्या बॉटनेटची, म्हणजे लागण करून ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजांची, सूत्रं तिच्या सर्व्हरवरून हलत होती. तक्रारी तिच्याकडे कितीही केल्या तरी उपयोग नव्हता, कारण चोर तिनेच घरात ठेवले होते. सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी महिनोन्महिने साठवलेला पुरावा एका पत्रकाराने मॅककोलोला इंटरनेट पुरवणाऱ्या वरच्या दोन कंपन्यांपुढे ठेवला. ११ नोव्हेंबरला त्यांनी जोडणी तोडली आणि जगभरातला स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून खाली आला. काही महिन्यांत तो पुन्हा वाढला, हेही खरं. पण एका गावाने माग घ्यायला नकार दिला तर तो वरच्या शिवेवर नेता येतो, आणि तिथे तो घेतला जातो, हे तेव्हा दिसलं. त्याआधी मार्च २००१ मध्ये डीएनएसच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर जगभर एकदम चाचपणी वाढली. निरनिराळ्या लोकांनी आपापल्या फायरवॉलचे लॉग एका ठिकाणी पाठवले होते, म्हणूनच लायन नावाच्या वर्मचा, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामचा, पत्ता लवकर लागला. एकट्याच्या लॉगमध्ये तो नेहमीचा कचराच दिसला असता. आणि पत्त्यांच्या नोंदी इतक्या निरुपयोगी असत्या, तर स्वतःची होस्टिंग कंपनी यादीत आली म्हणून २०१३ साली स्पॅमहाउसला गप्प करायला सेकंदाला ३०० गिगाबिटचा मारा कुणी कशाला केला असता?

उत्तर न येण्याचं खरं कारण मला वेगळं वाटतं. आपण तक्रार आरोपपत्रासारखी लिहितो, आणि समोरचा आरोपीसारखा लपतो. १८९७ सालचं पुणं आठवावं. प्लेग खरा होता, रुग्ण शोधणंही गरजेचं होतं. पण रँडच्या कारकिर्दीत सोल्जर घरात घुसू लागले, देवघर-माजघर काही राहिलं नाही, माणसं उचलून छावणीत नेली जाऊ लागली. लोक आजारी माणसं लपवू लागले. साथ हटवायला निघालेल्या सरकारला साथीची खबर देणारं कुणी उरलं नाही. खबर मिळायची तर खबर दिल्यावर उपचार होतील असा भरवसा हवा.

आणि या बाबतीत बहुतेक ‘हल्लेखोर’ खरोखरच रुग्ण असतात. २०१६ साली मिराई या बॉटनेटने अमेरिकेतल्या डाइन (Dyn) या डीएनएस सेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला करून निम्म्या दुनियेला परिचित असलेली संकेतस्थळं बंद पाडली. ते सैन्य घरोघरच्या कॅमेऱ्यांचं, चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचं आणि राउटरचं होतं, आणि ते भरती करायला कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या पुरल्या. मागच्या पावसाळ्यात मी एका छोट्या केबल-इंटरनेटवाल्याला तक्रार पाठवली. वेळ, पोर्ट, लॉगच्या सहा ओळी, आणि शेवटी एक वाक्य: ‘तुमच्या ग्राहकाचं यंत्र बिघडलेलं असावं, त्याचा दोष नसावा, मदत लागली तर कळवा.’ चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. “सर, तुम्ही दिलेली वेळ आपलीच ना? मग हे कृषी सेवा केंद्र आहे.” तो स्वतः मोटारसायकलवरून तिथे गेला. खतांच्या पोत्यांमागे भिंतीवर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर होता, बसवल्यापासून पासवर्ड ॲडमिनचा ॲडमिनच. दुकानदाराला आपल्या यंत्राने रात्री काय उद्योग केला याची कल्पनाच नव्हती. त्याने फोन हातात घेऊन मला विचारलं, “आमचं नाव कुठं जाणार नाही ना?” पासवर्ड बदलला, बाहेरून येणारी वाट बंद केली, तिथलं ठोठावणं थांबलं.

खासगीपणाचा मुद्दाही याच दुकानदाराच्या प्रश्नात आहे. युरोपीय न्यायालयाने २०१६ साली बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहिती ठरू शकतो असं म्हटलं, आणि ते योग्यच आहे. पण २०१८ साली लागू झालेल्या युरोपच्या माहिती संरक्षण नियमांनी जाळ्याच्या सुरक्षेसाठी लागेल तेवढी नोंद ठेवायला रीतसर मुभाही दिली. जागल्याला पाऊलखूण दाखवणं वेगळं आणि चावडीवर कुणाचं नाव पुकारणं वेगळं. ग्राहक कोण हे कंपनीलाच ठाऊक राहावं, मला ते कळायची काहीच गरज नाही.

मग आपल्याकडे अडतंय कुठे? सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ला निर्देश काढले. घटनेची खबर सहा तासांत द्या, लॉग १८० दिवस जपा, घड्याळं एकसारखी ठेवा. घड्याळांचा नियम तर मला फार मोलाचा वाटतो, कारण वेळ सेकंदापर्यंत जुळली तरच नेमका ग्राहक सापडतो. २०१७ साली सुरू झालेलं सायबर स्वच्छता केंद्र लागण झालेल्या यंत्रांची खबर सेवा देणाऱ्या कंपन्यांना देतं, हेही चांगलं. पण ही सगळी वाट खालून वर आणि वरून खाली जाते. एका जागल्याने शेजारच्या जागल्याला हाक मारायची ती आडवी वाट ओस पडली आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीने तक्रारीसाठी एक ईमेल पत्ता ठेवावा असा संकेत १९९७ पासून आहे. एपनिक हे पत्ते चालू आहेत का तेही तपासतं. पण पत्ता चालू असणं आणि तो वाचणारा माणूस पगारावर असणं यात अंतर आहे. ग्राहकसंख्या कोटींत सांगणाऱ्या कंपनीला दोन-चार माणसं या कामाला बसवणं जड आहे का? परवान्याच्या अटींत हे यायला हवं: पुराव्यासह आलेली तक्रार ठरलेल्या मुदतीत वाचली जाईल, ग्राहकाला कळवलं जाईल, आणि तक्रारदाराला एका ओळीचं उत्तर जाईल. माग थांबला त्या गावाने जबाबदार राहायचं, ही अट इंग्रजांच्या आधीच्या खेड्याला परवडत होती.

त्या पतसंस्थेत आता दर सोमवारी सकाळी व्यवस्थापक स्वतः बसून आठवड्यातल्या सगळ्यात चिवट पाच पत्त्यांच्या तक्रारी पाठवतात. मसुदा मी दिला आहे, वेळेपुढे ‘भारतीय’ असं ते न विसरता लिहितात. गेल्या सोमवारच्या पाचांपैकी एका होस्टिंग कंपनीने त्याच दिवशी सर्व्हर बंद केल्याचं कळवलं. दोघांकडून पोच आली. उरलेल्या दोन तक्रारी मेलबॉक्स भरलेला असल्यामुळे परत आल्या, आणि त्या दोन्ही कंपन्या भारतातल्या आहेत.